नाकासमोरची वस्तू का सापडत नाही?

मागच्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी सपत्नीक दवाखान्यात आले. तक्रार गुरुजींची होती, पण बोलत होत्या बाई. "डॉक्टर, ह्यांचा चष्म्याचा नंबर नक्की वाढलाय. फ्रिजमधून कोथिंबिरीची जुडी आणा म्हटलं, तर पाच मिनिटं दार उघडं टाकून उभे राहतात आणि नाहीये म्हणून सांगतात. मी जाऊन बघते तर समोरच!" गुरुजी मान खाली घालून बसले होते. वर्गात चाळीस वर्षे मुलांना धाक दाखवलेला माणूस कोथिंबिरीपायी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा!

मी त्यांना तक्ता वाचायला लावला. चष्म्यासह दोन्ही डोळ्यांनी ६/६. बोटे हलवून बाजूची नजर तपासली, तीही व्यवस्थित. "नजर उत्तम आहे," असे मी म्हणताच बाईंचा चेहरा उतरला. डोळे चांगले असून वस्तू दिसत नाही म्हणजे माणूस निष्काळजी, असाच अर्थ आपल्याकडे घरोघरी लावला जातो. "डोळे फुटले का?" आणि "लक्ष कुठे असतं तुझं?" ही दोन वाक्ये ज्या घरात ऐकू येत नाहीत असे घर मी पाहिलेले नाही. यातले पहिले वाक्य बहुधा चुकीचे असते आणि दुसरे बहुधा बरोबर. मात्र दुसरे वाक्य ज्या रागाने म्हटले जाते, तो राग मला अन्यायाचा वाटतो. त्या रागाबद्दलच आज लिहायचे आहे.

आपली अशी समजूत असते की डोळा म्हणजे कॅमेरा. उघडला की समोरचे सगळे एकदम टिपले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. हात पूर्ण लांब करून अंगठा समोर धरा. अंगठ्याचे नख जेवढी जागा व्यापते, साधारण तेवढ्याच भागातले आपल्याला अगदी स्पष्ट दिसते. बाकीचे सगळे अंधुक असते. खरे वाटत नसेल तर या क्षणी याच ओळीवर नजर खिळवून ठेवा आणि डोळा न हलवता शेजारच्या रकान्यातली बातमी वाचून पाहा. जमणार नाही. ही अडचण डोळा उड्या मारून भागवतो. सेकंदाला तीन-चार वेळा नजर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते आणि त्या तुकड्यांतून मेंदू सलग चित्र तयार करतो. पुढची उडी कोठे मारायची, हे कोण ठरवते? ते ठरवते लक्ष. म्हणजे शोधण्याचे काम डोळ्याचे कमी आणि मेंदूचे जास्त.

आता देवळाबाहेरच्या चपलांकडे या. एकादशीचा दिवस, पायरीशी दोनशे जोड पडलेले. बाकीच्या सगळ्या काळ्या आणि तुमची एकटीच लाल असेल, तर ती शोधावी लागतच नाही. ती स्वतः उठून डोळ्यांत भरते. दोनशेच्या जागी पाचशे काळ्या जोड असते तरी फारसा फरक पडला नसता. पण समजा, तुमची चप्पल काळी आणि अंगठ्याची आहे. आजूबाजूला काळ्या पट्ट्याच्या चपला आहेत आणि तपकिरी अंगठ्याच्याही आहेत. मग नुसता रंग उपयोगाचा नाही, नुसता आकारही नाही. दोन्ही खुणा एकाच चपलेवर आहेत का, हे एकेक जोड पाहून ठरवावे लागते, आणि जितके जोड जास्त तितका वेळ जास्त. अ‍ॅन ट्राइझमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी गॅरी गेलाड यांच्यासह १९८० साली हा फरक प्रयोगांनी दाखवून दिला. चपलांऐवजी त्यांनी रंगीत अक्षरे वापरली होती, एवढेच.

पुढे १९८९ साली जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यात भर घातली. लक्ष आंधळेपणाने एकेक वस्तू चाचपत नाही. काय शोधायचे आहे याची जी माहिती मनात असते, ती लक्षाला वाट दाखवते. काळी चप्पल शोधणारा माणूस तपकिरी चपलांवर वेळ घालवतच नाही. माहिती जितकी नेमकी, तितका शोध छोटा. आणि माहितीच चुकीची असेल तर? तर वस्तू समोर असूनही नजर तिच्यावरून सरळ पुढे निघून जाते.

म्हणून मी बाईंना विचारले, "कोथिंबीर ठेवता कशात?"

"ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात."

गुरुजी बिचारे हिरवी जुडी शोधत होते! फ्रिजमध्ये हिरवे काही नव्हतेच. होता तो स्टीलचा डबा, आणि तसे डबे आणखी चार. बाईंना "समोरच" दिसत होती ती कोथिंबीर नव्हे, स्वतः सकाळी ठेवलेला डबा. दोघेही एकाच फ्रिजकडे पाहत होते, पण दोघांच्या मनातली खूण वेगळी होती.

स्त्रियांना मात्र हे शास्त्र कोणी न शिकवता ठाऊक असते, असे तांदूळ निवडताना पाहून वाटते. माझी आई ताटात तांदळाचा ढीग कधी घेत नसे. पातळ थर पसरायचा, एका कडेपासून सुरुवात करायची, बोटाने थोडे थोडे दाणे पुढे सारायचे आणि निवडलेल्या भागाकडे पुन्हा वळायचे नाही. काळा खडा सगळ्यांनाच दिसतो. पांढरा खडा पांढऱ्या तांदळात शोधायचा तर अशी शिस्त लागते. आता पिशवीबंद, यंत्राने साफ केलेला तांदूळ आला आणि निवडणे मागे पडले. पाच-सहा महिन्यांत एकदा खडा निघतो, तो थेट दाताखाली. हा दोष आळसाचा नाही. क्वचित येणारी गोष्ट शोधण्यात मेंदू मुळातच कच्चा आहे. वुल्फ यांच्याच गटाने २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वस्तूंच्या गर्दीच्या चित्रांत एखादे अवजार आहे की नाही, एवढेच सांगायचे होते. निम्म्या चित्रांत अवजार होते तेव्हा लोकांच्या नजरेतून सुमारे ७ टक्के अवजारे निसटली. शंभरातल्या एकाच चित्रात अवजार ठेवले, तेव्हा सुमारे ३० टक्के निसटली. "नाहीच" हे उत्तर वारंवार बरोबर आले की मेंदू लवकर "नाही" म्हणून मोकळा होतो. विमानतळावर सामान तपासणारा, बँकेत नोटा पाहणारा आणि शेकडो साध्या खोकल्यांत एखादा वेगळा खोकला हुडकणारा माझ्यासारखा डॉक्टर, सगळे याच माळेचे मणी.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला बरीच वर्षे लागली.

दवाखाना नवीन होता तेव्हाची गोष्ट. एक शेतकरी गृहस्थ बैलगाडीवरून पडून आले. उजव्या कुशीत दुखत होते. छातीचा एक्स-रे काढून आणला, मी तो खिडकीच्या उजेडात धरला. सातव्या बरगडीला तडा होता, स्पष्ट. मी त्यांना तो बोटाने दाखवला, पट्टा बांधला, गोळ्या लिहून दिल्या आणि स्वतःवर खूश झालो. तीन महिन्यांनी ते परत आले ते वजन घटलेले, संध्याकाळी अंगात ताप आणि खोकला घेऊन. थुंकीत क्षयाचे जंतू निघाले. जुना एक्स-रे त्यांनी पिशवीतून आणला होता. डाव्या फुफ्फुसाच्या टोकाशी, गळ्याच्या हाडाच्या मागे, रुपयाएवढा डाग त्याही दिवशी होता. मी त्या फोटोकडे चांगला मिनिटभर पाहिले होते. तो डाग माझ्या डोळ्यांत शिरला असणार. पण मी तडा शोधत होतो, तडा सापडला आणि माझा शोध तिथेच संपला. मधल्या तीन महिन्यांत त्यांच्या घरातली दोन लहान मुले त्यांच्याच खोलीत झोपत होती. मुलांची तपासणी केली, सुदैवाने दोघांनाही काही निघाले नाही. त्या आठवड्यात मी नीट झोपलो नाही.

पुढे वाचनात आले की ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की क्ष-किरण तज्ज्ञांनी तिला नावच देऊन ठेवले आहे. एक दोष सापडल्याच्या समाधानात दुसरा निसटतो, अशा अर्थाचे ते नाव आहे. २०१३ साली अमेरिकेत झालेला एक प्रयोग तर वाचून हसावे की रडावे असा आहे. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये बारीक गाठी शोधायला २४ तज्ज्ञांना बसवले आणि शेवटच्या स्कॅनमध्ये गुपचूप एका गोरिलाचे चित्र घातले. ते नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठे होते. २४ पैकी २० तज्ज्ञांना गोरिला दिसलाच नाही! डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्राने दाखवले की न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर थेट गोरिलावरून गेली होती. हे लोक अडाणी नव्हते, झोपलेले नव्हते, कामचुकारही नव्हते. ते मन लावून गाठी शोधत होते, आणि म्हणूनच गोरिला निसटला.

त्या प्रसंगानंतर मी एक्स-रे पाहायची पद्धत बदलली. फुफ्फुसांची टोके, हृदयामागची जागा, पडद्याखालचा भाग, मग हाडे, हा क्रम मी मोडत नाही. रोग्याची तक्रार ज्या बाजूला आहे ती बाजू सर्वांत शेवटी. आणि काही सापडले की मोठ्याने म्हणतो, "आणखी काय?" कंपाउंडरला सुरुवातीला वाटले, डॉक्टर स्वतःशी बोलायला लागले.

लक्ष हे मेंदूचे वेगळे काम आहे, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अर्धांगवायूच्या रोग्यांत दिसतो. एका घरी मी गेलो होतो, तिथल्या अण्णांना डाव्या अंगावरून वारे गेले होते. सूनबाई हिरमुसल्या होत्या. "मी केलेल्या चटणी-कोशिंबिरीला अण्णा हात लावत नाहीत. भातही अर्धाच ठेवतात." मी ताट पाहिले. उजवीकडची भाजी, आमटी चाटूनपुसून संपलेली आणि डावीकडचे लिंबू, चटणी, कोशिंबीर जशीच्या तशी. भाताच्या मुदीचीही बरोबर डावी बाजू शिल्लक. मी काही न बोलता ताट अर्धे फिरवले. अण्णांनी "अरे, कोशिंबीर कधी वाढली?" म्हणत ती मिटक्या मारत खाल्ली. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की डावीकडचे जग डोळ्यांना दिसत असूनही काही रोग्यांच्या लक्षातून पुसले जाते. ते अर्धीच दाढी करतात, दाराच्या डाव्या चौकटीवर आदळतात. घरच्यांना हा हट्ट वाटतो. अशा रोग्याशी आधी उजवीकडून बोलून हळूहळू त्याला डावीकडे वळवायचे असते. ताटाच्या डाव्या कडेला एक ठळक रंगीत पट्टी लावून "ही पट्टी दिसेपर्यंत मान वळवा" असे शिकवले तर पुष्कळांना उपयोग होतो.

आता माझ्या मूळ रागाच्या मुद्द्याकडे येतो. गेल्या पावसाळ्यात पहाटे एका आजींना रिक्षात घालून आणले. घामाने थबथबलेल्या, अर्धवट शुद्धीत. रक्तातली साखर फार उतरली होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत बोलू लागल्या. झाले होते असे की रात्री रक्तदाबाची गोळी समजून त्यांनी मधुमेहाची गोळी दुसऱ्यांदा घेतली होती. दोन्ही पट्ट्या चंदेरी, दोन्ही गोळ्या पांढऱ्या, दोन्ही एकाच प्लास्टिकच्या पिशवीत. आजी शुद्धीवर येताच मुलगा ओरडला, "आई, वाचून घेता येत नाही का?" आजींना उत्तम वाचता येते, रोज पोथी वाचतात. रात्री दिव्याच्या उजेडात, पंधरा पट्ट्यांच्या गर्दीत, चंदेरी कागदावर चमकणारी बारीक इंग्रजी अक्षरे मात्र त्या वाचत नाहीत. तुम्ही-आम्हीही वाचत नाही. आपण पट्टी ओळखतो ती रंगावरून आणि आकारावरून. रंग-आकार सारखे ठेवायचे आणि मग माणसाला दोष द्यायचा, हा कुठला न्याय?

औषध कंपन्यांना आपली सगळी पाकिटे एकाच रंगसंगतीत छापायला आवडतात, कारण त्याने कंपनीची ओळख ठसते. कंपनीच्या ते सोयीचे आहे, आजींच्या नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी इजा कमी करण्याची जगभराची मोहीम सुरू केली, तिच्यात सारख्या दिसणाऱ्या आणि सारख्या नावांच्या औषधांचा प्रश्न आलेला आहे. आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. बनावट औषध ओळखायला तो चांगला आहे, पण तो मोबाइलने वाचायचा. मला त्यापेक्षा प्रिस्क्रिप्शनच्या औषधांवरची उभी लाल रेघ जास्त आवडते. २०१६ साली सरकारने तिच्याबद्दल मोहीमही काढली होती. एकच खूण, एकच रंग, निरक्षर माणसालाही दिसणारी. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि रक्त पातळ करणे यांसारख्या नेहमीच्या गोळ्यांच्या पट्ट्यांना ठळक वेगवेगळे रंग सक्तीचे करायला काय हरकत आहे, हे मला आजवर समजलेले नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर घरात करण्यासारखे पुष्कळ आहे. बंद केलेल्या औषधांच्या पट्ट्या आजच बाहेर काढा, कारण पिशवीतली प्रत्येक जास्तीची पट्टी हव्या त्या पट्टीचा शोध लांबवते. सकाळच्या गोळ्या एका रंगाच्या डब्यात, रात्रीच्या दुसऱ्या, आणि डबेही एकाच फळीवर शेजारी नकोत. मधुमेहाच्या पट्टीला लाल रबरबँड लावा. दुकानदार पट्टी कापून देत असेल तर नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा आपल्याकडे येईल असे त्याला सांगा. त्या आजींचा मुलगा आता दर रविवारी आठवड्याच्या गोळ्या सात कप्प्यांच्या डबीत भरून देतो. ओरडण्यापेक्षा याला वेळ कमी लागतो, असे त्यानेच मला सांगितले.

रस्त्याबद्दल दोनच वाक्ये. अपघातानंतर "सायकलवाला मला दिसलाच नाही" असे म्हणणारा ट्रकवाला दरवेळी खोटे बोलत नसतो. तो गाड्या शोधत होता, सायकल नाही. पण फोनवर बोलत गाडी चालवणाऱ्याला मी ही सूट देत नाही, मग फोन हातात असो की कानात खोचलेला. संभाषणात गुंतलेले लक्ष रस्त्यावर नसते हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे, आणि फोन उचलायचा की नाही हे तर त्याच्याच हातात असते.

एक खबरदारी मात्र सांगितली पाहिजे. वस्तू न सापडणे हा प्रत्येक वेळी लक्षाचाच खेळ नसतो. काचबिंदूत बाजूची नजर हळूहळू आकसते, समोरचे मात्र बराच काळ ६/६ राहते. तक्ता पूर्ण वाचता येतो म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि इकडे पायातली बादली दिसत नाही. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि बाजूची नजर तपासून घ्यावी, घरात कोणाला काचबिंदू असेल तर आवर्जून. एकाच बाजूच्या वस्तू अचानक दिसेनाशा झाल्या, किंवा एका बाजूला धक्के लागू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तो पक्षाघाताचा पहिला इशारा असू शकतो. वय वाढले की गर्दीतून वस्तू शोधायला जास्त वेळ लागतो, हे नैसर्गिक आहे. पण वस्तू हातात घेऊनही ती कशासाठी आहे हे आठवेना, किंवा चष्मा नेहमी भलत्याच जागी, पिठाच्या डब्यात वगैरे निघू लागला, तर ती तक्रार वेगळी आहे आणि तिच्यावर रागावून उपयोग नाही, तपासणी हवी.

गुरुजींना मी औषध लिहून दिले नाही. बाईंना सांगितले, कोथिंबिरीला एक हिरव्या झाकणाचा डबा द्या. आणि ते शेतकरी गृहस्थ सहा महिन्यांच्या औषधांनी पूर्ण बरे झाले. अजूनही घरातले कोणी आजारी पडले की माझ्याकडेच आणतात. एक्स-रे काढला असेल तर मी तो दिव्यावर लावून खाली ठेवेपर्यंत गप्प बसतात, आणि मग हसून विचारतात, "डॉक्टरसाहेब, दुसऱ्या बाजूला बघितलं ना?" मी फोटो पुन्हा वर लावतो.